बंदरात माकड कुठून आलं?

बाई, वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही भांडुपच्या एका मराठी शाळेत सहावीला शिकवता. भूगोलाच्या तासाला 'मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे' हे वाक्य आलं आणि घरी हिंदी बोलणारी चार-पाच मुलं हसत सुटली. त्यातल्या एकाने विचारलं, "बाई, मुंबई माकड आहे?" तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. एकाच शब्दाला दोन शेजारी भाषांत इतके लांबचे अर्थ कसे आले, वांद्रे हे नाव बंदरावरून पडलं की वानरांवरून, आणि हे सगळं मुलांना सांगायचं कसं.

मी गेली बत्तीस वर्षं फोर्टात भाषांतराचं काम करतो. जहाजांचे, गोदीतले, विम्याचे कागद मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चारही दिशांनी माझ्या टेबलावरून जातात. 'बंदर' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. तो मुलगा चुकीचं काही बोलला नाही. त्याच्या कानाने अगदी अचूक पकडलं, फक्त त्यापुढचा धागा त्याला कुणी दिला नव्हता.

सरळ उत्तर आधी देतो. हा एक शब्द नाही, दोन आहेत. त्यांची घराणी वेगळी, गावं वेगळी, मुंबईत पोचायच्या वाटाही वेगळ्या. हिंदीत एका टप्प्यावर दोघांचा उच्चार जुळला, एवढंच त्यांच्यातलं नातं. असे शब्द मुलांच्या रोजच्या तोंडात असतात. वडापावातला पाव पोर्तुगिजांच्या 'पांव' या रोटीवरून आला, आणि पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा यावरून. बेकरीत जाऊन 'पाव किलो' आणि 'चार पाव' एका दमात मागणाऱ्या मुलाचा कधी गोंधळ होत नाही. चांगल्या कोशातही अशा शब्दांना एकाखाली एक दोन स्वतंत्र नोंदी असतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दापुढे फारसी, संस्कृत, अरबी अशी मुळाची खूण असते. मी काम शिकलो तेव्हा माझ्या गुरूंनी पहिली सवय लावली ती हीच: अर्थाआधी ती खूण बघायची.

आता माकडाचा शब्द. मूळ संस्कृत 'वानर'. कीर्तनात बुवा सांगतात, 'वा नरः?', म्हणजे 'हा नर तर नव्हे?' ऐकायला गोड आहे, पण व्युत्पत्ती 'वन'कडे जाते. वानर म्हणजे रानातला. या 'वानर'चा हिंदीत 'बंदर' होताना दोन बदल झाले. दोन्ही मुलांना स्वतःच्या तोंडाने करून बघता येतील असे आहेत.

पहिला बदल मध्ये 'द' शिरण्याचा. 'वानर' हा शब्द भरभर म्हणा, 'न' मधला 'अ' गिळून: वान्‌र, वान्‌र, वान्‌र. 'न' म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागे टेकलेलं असतं. तिथून 'र'कडे जाताना जीभ सुटते आणि सुटता सुटता मध्ये बारीकसा 'द' वाजतो. दहा वेळा म्हटलंत की 'वांद्र' असंच ऐकू यायला लागतं. मराठीच्या तोंडाला ही सवय फार जुनी आहे. संस्कृत 'आम्र'चा आंबा झाला आणि 'ताम्र'चं तांबं. त्या दोन्ही शब्दांत मुळात 'ब' नव्हता. 'म'साठी मिटलेले ओठ 'र'साठी उघडताना मध्ये 'ब' फुटला आणि पुढे 'र' गळून पडला. म्हणजे आंब्यात 'ब' ज्या दाराने आला, त्याच दाराने वानरात 'द' आला. मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मी दिवसभर रस्त्याने शब्द पुटपुटत फिरत होतो.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा, कारण तुमच्या वर्गातल्या हशाचं खरं कारण तोच आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या भाषांत शब्दाच्या सुरुवातीचा जुना 'व' बहुतेक ठिकाणी 'ब' झाला. मराठी आणि गुजरातीने तो 'व' तसाच धरून ठेवला. आपला वाघ त्यांचा बाघ. आपले वीस त्यांचे बीस. विंचू आणि बिच्छू, वाळू आणि बालू, वांगं आणि बैंगन, वाजणं आणि बजना. याच रांगेत वांदर आणि बंदर उभे आहेत. गुजरातीत माकडाला 'वांदरो' म्हणतात. थेट श्रीलंकेत, सिंहलीत, 'वंदुरा'. तिथेही 'व' टिकला. आपल्या कोकणात 'वांदर' अजून घराघरांत बोलतात. प्रमाण मराठीत मात्र रोजच्या वापराला 'माकड' बसलं, ते संस्कृत 'मर्कट'वरून. शिवाय मराठी माणूस भेदही करतो, काळ्या तोंडाचा लांब शेपटीचा तो वानर आणि लाल तोंडाचं ते माकड.

थोडक्यात, मराठीत 'बंदर' हा उच्चार रिकामा होता. समुद्रावरून दुसरा शब्द आला आणि निवांत त्या जागी बसला. हिंदीत तीच जागा माकडाने आधीच धरलेली. म्हणून हिंदीत जहाजांच्या ठिकाणाला नुसतं 'बंदर' म्हणणं मागे पडलं आणि 'बंदरगाह' रूढ झालं. 'गाह' म्हणजे जागा. आपल्या दर्ग्यातला आणि ईदगाहमधला तोच तो 'गाह'. सरकारी हिंदी आणखी पुढे गेली आणि संस्कृत 'पत्तन' घेऊन बसली. केंद्राच्या खात्याचं हिंदी नावच 'पत्तन, पोत परिवहन और जलमार्ग मंत्रालय' असं आहे. बंगालीने वेगळी सोय केली. तिथे माकड 'बाँदर', पहिला स्वर लांब आणि नाकातला. आणि जहाजांचं ते 'बन्दर', आखूड स्वराचं. दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले तरी बंगाली कान चुकत नाही.

आता समुद्रावरून आलेला शब्द. हा फारसी. त्याचं नातं 'बंद' म्हणजे बांधणं, अडवणं याच्याशी लावतात. पुस्तकातून हे कळतं, पण डोळ्यांना पटायचं असेल तर मुलांना एकदा भाऊच्या धक्क्यावर न्या. मोऱ्याहून किंवा रेवसहून लाँच येते. धक्का दोन हात लांब असताना इंजिनाचा आवाज खाली येतो. पुढे उभा असलेला खलाशी दोराचा फास हातात तोलतो आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर टाकतो. दोर ताणला जातो, ओल्या दोरातून पाणी पिळून निघतं, लाँच एक हिसका खाऊन धक्क्याला चिकटते. तो दोर खुंटाला बांधला जाईपर्यंत लाँच समुद्राची असते, बांधली की जमिनीची. बंदर या शब्दाच्या पोटात ती गाठ आहे.

इथे आणखी एक गंमत वाटेल अशी, पण पूर्ण खरी गोष्ट आहे. फारसी 'बंद' आणि संस्कृत 'बन्ध्' हे एकाच जुन्या धातूचे वंशज. म्हणजे आपलं बांधणं, शेताचा बांध, नदीवरचा बंधारा, बंधन आणि नात्याने बांधलेला बंधू हे एका काठावर. आणि फारसीतून आलेले बंदोबस्त, बाजूबंद, कमरबंद, घोड्याला नाल ठोकणारा नालबंद, सेवेला बांधलेला बंदा हे दुसऱ्या काठावर. हे सगळं एकच खानदान आहे, हजारो वर्षांपूर्वी वेगळं झालेलं. इंग्रजी 'बाइंड' आणि 'बाँड'ही त्याच झाडाची फांदी. तेव्हा मराठी माणसाला बंदर परकं वाटत नाही यात नवल नाही, तो शब्द आपल्या बांधाचा लांबचा चुलतभाऊ आहे. 'मुंबई बंद'मधला बंदही त्याचाच.

पण नुसतं दिसण्यावर जाऊ नका. बंदूक या घराण्यातली नाही. तो शब्द अरबी 'बुंदुक'वरून आला. बुंदुक म्हणजे हेझलनट, एक कडक गोल फळ, आणि त्यावरून मारायची गोळी. त्या फळाचं नाव अरबांनी ग्रीकांकडून घेतलं, ग्रीक त्याला पोन्तुसचं म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या प्रदेशाचं फळ म्हणत. बंदर आणि बंदूक शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात, आणि रक्ताचं नातं शून्य. बंदर आणि बांध दिसायला लांबचे, आणि आतून नातलग. माझ्या कामात मी चेहऱ्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं ते अशाच जोड्यांमुळे.

फारसी बंदर किती लांब गेलं ते बघण्यासारखं आहे. इराणच्या आखातापासून पूर्व आफ्रिका आणि मलेशियातल्या मलाक्कापर्यंत मोसमी वाऱ्यांवर जी जहाजं जात-येत, त्यांवर फारसी आणि अरबी शब्द मालासारखे भरलेले असत. इराणात शाह अब्बासच्या नावाचं बंदर अब्बास आजही आहे आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या ढोलकीच्या नाचगाण्याला तिथे 'बंदरी' म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ते 'बंदारी' झालं, अर्थ तोच; मोंबासाच्या एका फुटबॉल क्लबचं नावच बंदारी आहे. गुजरातेत पोरबंदर, सिंधमध्ये केटी बंदर. आंध्रातल्या मछलीपट्टणमला तिथली माणसं साधं 'बंदरु' म्हणतात आणि तिथले बंदरु लाडू प्रसिद्ध आहेत. त्या एका गावाच्या दोन नावांत पट्टण आणि बंदर, संस्कृत आणि फारसी, दोन्ही नांदतात.

पुढे मलय भाषेत गेल्यावर शब्दाचा अर्थच सरकला. तिथे बंदर म्हणजे शहर. जहाजं लागत ती जागा वाढून गाव झालं, गावाचं शहर झालं, आणि शब्द शहराला चिकटून राहिला. जहाजांच्या जागेला तिथे आता 'पलाबुहान' म्हणतात. क्वालालंपूरच्या नगरपालिकेच्या नावात 'बंदाराया' आहे, म्हणजे महानगर. ब्रुनेईची राजधानी बंदर सेरी बेगावन. हे नाव जरा सोलून बघा. बंदर फारसी. 'सेरी' म्हणजे आपलं श्री. 'बेगावन' म्हणजे भगवान. तिथल्या सुलतानाने १९६७ मध्ये गादी सोडल्यावर 'सेरी बेगावन' ही पदवी घेतली आणि १९७० मध्ये राजधानीला त्याचं नाव दिलं. एका मुस्लिम सुलतानाच्या राजधानीच्या नावात श्री आणि भगवान बसलेत आणि पुढे फारसी बंदर. मुलांना हे नकाशावर दाखवा, त्यांचे डोळे मोठे होतील. इंडोनेशियात तर बंदर आकाशात गेलं. 'बंदर उदारा' म्हणजे हवेचं बंदर, त्याचा संक्षेप 'बंदारा', म्हणजे विमानतळ. जकार्ताच्या विमानतळाला लोक 'बंदारा सुकार्नो-हत्ता' म्हणतात. माकडाशी गाठ पडायचा प्रश्न तिथे कुठेच आला नाही. खुद्द फारसीतही नाही, कारण तिथे माकडाला 'मैमून' म्हणतात.

शब्दाबरोबर माणसंही गेली. बंदराचा अधिकारी तो शाहबंदर. पंधराव्या शतकातल्या मलाक्कात चार शाहबंदर असत आणि त्यातला एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता, इतकी त्यांची वर्दळ. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा हाही त्याच जहाजावरचा. फारसी 'नाखुदा', नाव अधिक खुदा, नावेचा धनी. त्यातला 'नाव' आपल्या नावेचा सख्खा भाऊ. मलयमध्ये जहाजाच्या कप्तानाला 'नाखोदा' म्हणतात. वरळीचा नाखवा आणि जकार्ताचा नाखोदा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांच्या हुद्द्याचं नाव एका पेटीतून निघालं.

इंग्रजांनीही हा शब्द उचलला. हिंदुस्थानी शब्दांचा इंग्रजी कोश 'हॉब्सन-जॉब्सन' १८८६ मध्ये निघाला, त्यात 'बंडर' ही नोंद आहे. 'बंद' म्हणजे बांध हाही शब्द त्यांनी घेतला, पण त्यांच्या तोंडी त्याचा 'बंड' झाला. शांघायच्या नदीकाठाला आजही 'द बंड' म्हणतात तो हाच. पुण्यात बंधाऱ्याजवळच्या बागेला त्यांनी बंड गार्डन म्हटलं, आणि आपण तो उच्चार तसाच परत घेतला. मराठीत बंड म्हणजे उठाव. त्यामुळे त्या बागेत कुणी कधी बंड केलं होतं का, असं मला एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. आपलाच शब्द इंग्रजीच्या घरून परत येताना ओळखू येईनासा झाला, त्याचं हे उदाहरण मी नेहमी देतो.

मुंबईचा पूर्व किनारा तर बंदरांची माळच आहे. मस्जिद बंदर, कारनॅक बंदर, मॅलेट बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, हाजी बंदर. एकेका बंदराला एकेका मालाचं किंवा साहेबाचं नाव. कॉटन ग्रीनकडे एक 'हे बंदर' आहे. इंग्रजीत 'हे' म्हणजे वाळलेलं गवत, पण देवनागरी पाटी वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी बोट दाखवून सांगतंय, 'हे बंदर'. मस्जिद बंदरची गोष्ट आणखी वेगळी. सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ मध्ये बेने इस्रायली ज्यूंनी सभास्थान बांधलं, आणि ते मराठी बोलणारे ज्यू आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं ते सांगतात. अपोलो बंदरचा ग्रीक देवाशी संबंध नाही. ते आपलं पालवा बंदर. 'पालवा' साहेबांच्या कानात 'पोलो' झालं, आणि ओळखीचा देव सापडल्यावर 'अपोलो'. भाऊचा धक्का हा तर हिंदीभाषकाला भावाने दिलेला ढोसा वाटतो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजेच भाऊ, यांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधला.

आता वांद्रे. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतो आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं: "बंदरावरूनच ना?" माझं मत तसं नाही, आणि कारण ध्वनीचं आहे.

फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांचा पहिला 'ब' मराठीने सहसा 'व' केलेला नाही. बाजार, बाग, बर्फ, बादशहा, बंदोबस्त, सगळे 'ब'नेच आले आणि 'ब'नेच राहिले. खुद्द बंदरही मराठीत बंदरच राहिलं. मग त्याच शब्दाचं एका गावापुरतं 'वांद्रे' कसं व्हावं? उलट दिशेचा पुरावा मात्र आहे. मराठी 'व' बाहेरच्यांच्या तोंडी 'ब' होतो. वसईचं पोर्तुगिजांनी 'बसाईं' केलं आणि इंग्रजांनी 'बॅसीन'. तसंच वांद्र्याचं जुन्या कागदांत 'बँडोरा' आणि पुढे 'बँड्रा'. म्हणजे बांद्रातला 'ब' हा पाहुण्यांचा आहे, घरचा नाही. त्या 'ब'वरून बंदराकडे उडी मारणं म्हणजे पाहुण्याच्या चपला बघून घराचा मालक ठरवणं. बॉम्बेबद्दलही अशीच उडी मारतात, पोर्तुगीज 'बों बाइया', चांगली खाडी. पण पोर्तुगीजमध्ये 'बाइया' स्त्रीलिंगी, 'बों' हे पुल्लिंगी विशेषण. 'बोआ बाइया' म्हणायला हवं होतं. मुंबई मुंबादेवीची आहे.

मग वांद्रे वानरांवरून का? ध्वनीची वाट तिकडे मोकळी आहे: वांदर, त्याचं नपुंसकी 'वांदरें', त्याचं 'वांद्रे'. त्या वाटेत एकही अडथळा नाही. पण वाट मोकळी आहे एवढ्यावर मी जन्मदाखला देत नाही. गावाचं नाव ठरवायला जुने कागद, तिथली वस्ती, झाडी, देवस्थान हे सगळं लागतं. तुमच्या मुलांना एवढं ठामपणे सांगा की बंदरावरून वांद्रे या वाटेत भिंत आहे, आणि ती भिंत कुठली ते त्यांना दाखवून द्या.

हे इतकं बारकाईने का सांगतो, त्याचं कारण एक प्रसंग आहे. चार वर्षांपूर्वी शिवडीचे एक निवृत्त कामगार माझ्याकडे आले. मूळचे गुहागरचे. मुलगा परदेशात, त्याच्याकडे जायला व्हिसा हवा होता. नोकरीच्या मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर त्यांनी एका दुकानातून करून घेतलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी काढला. 'बंदरात ३१ वर्षे सेवा' याचं इंग्रजी झालं होतं, 'माकडांमध्ये ३१ वर्षे सेवा'. देवनागरी दिसली की हिंदी समजायचं, अशी त्या यंत्राची समजूत, आणि दुकानदाराने न वाचता शिक्का मारलेला. ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "सुनेने वाचून दाखवलं फोनवर. ती काही बोलली नाही, पण मला कळलं." एकतीस वर्षं पाठीवर पोती वाहिली होती त्यांनी. मी तो दाखला त्याच दुपारी पुन्हा केला, पैसे घेतले नाहीत, आणि तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हा शब्द देतो. मराठी कागद हिंदीत नेताना 'बंदरगाह' किंवा 'पत्तन' लिहायचं. विशेषनामाला हात लावायचा नाही, मस्जिद बंदर हिंदीतही मस्जिद बंदरच. आणि यंत्रातून काही काढलंच तर कागद कोणत्या भाषेतला आहे ते आधी स्वतःच्या हाताने निवडायचं.

आता तुमचा वर्ग. समजावून सांगण्यापेक्षा मुलांकडून काढून घ्या. फळ्याचे दोन भाग करा, एकावर 'व' आणि दुसऱ्यावर 'ब'. मराठी घरातल्या मुलांना विचारा वाघ, वीस, विंचू, वाळू, वांगं. हिंदी घरातल्या मुलांना त्यांचे शब्द समोर लिहू द्या. पाचव्या जोडीला कुणीतरी ओरडेल, "बाई, व चा ब होतोय!" त्या क्षणी थांबा आणि नियम त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग खाली 'वांदर' लिहा आणि समोरची जागा रिकामी सोडा. ज्यांनी लोकलने वांद्र्याचा प्रवास केलाय त्यांना घोषणा आठवायला सांगा: मराठीत वांद्रे, हिंदीत बांद्रा. दोन भाषांच्या मधली ती रेघ रोज त्यांच्या कानावरून जाते. जहाजाचं बंदर मात्र फळ्याच्या तिसऱ्या कोपऱ्यात, चौकटीत लिहा, आणि त्याखाली बांध, बंधारा, बंधू. या दोन कोपऱ्यांमध्ये रेघ ओढायची नाही.

आणि ज्या मुलाने 'मुंबई माकड आहे का' विचारलं, त्याला एक काम द्या. त्याचं घर पूर्व उत्तर प्रदेशातलं किंवा बिहारमधलं असेल तर आजीला विचारून यायला सांगा की गावाकडे माकडाला काय म्हणतात. अवधीत आणि भोजपुरीत 'बानर' म्हणतात. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही 'बानर'च आहे. त्यात 'व'चा 'ब' झालाय, पण 'द' अजून शिरलेला नाही. वानर आणि बंदर यांच्या मधली ती पायरी त्याच्या आजीच्या तोंडात जिवंत असेल. तो शब्द घेऊन आला की खडू त्याच्या हातात द्या आणि फळ्यावर बरोबर मध्ये त्यालाच लिहू द्या.